सिस्टरांच्या ताब्यातला डबा

सदर महिला, वय साठ, शस्त्रक्रियागृहातील सेवानिवृत्त परिचारिका. सेवाकाल चौतीस वर्षे. या अवधीत त्यांच्या टेबलावरून गेलेल्या एकाही रुग्णाची जखम चिघळल्याची नोंद नाही. वर्तणूक उत्तम. दोष आढळला नाही.

दोष आढळला मंगळवारी सकाळी, बाल्कनीत.

अख्खी इमारत त्यांना सिस्टर म्हणे. नवरा, म्हणजे निवृत्त मास्तर, तेही. मास्तरांनी दोन वर्षांपूर्वी एका डब्याला भोकं पाडून त्यात गांडुळं सोडली, तेव्हापासून सिस्टर बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या ते डब्याकडे पाठ करून. घरातली सालं-देठं मास्तर डब्यात टाकत आणि काही महिन्यांनी काळंभोर खत ओंजळीत घेऊन आत येत. "वास घेऊन बघ, सिस्टर!" सिस्टर साबण पुढे करत.

मग मास्तरांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आत नेताना त्यांनी बायकोचा हात धरला. "माझ्या मंडळींकडे बघ. तुझ्यावर सोडून चाललोय." पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने इतक्या कळवळून काही मागितलं नव्हतं. सिस्टरांनी शब्द दिला.

आणि पाळला. केळ्याची सालं, कोबीची पानं जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायची, निथळायची, हातमोजे घालून वाढायची. असला उकिरडा जसाच्या तसा कुणाच्या पोटात जाऊ द्यायचा म्हणजे काय! चौथ्या दिवशी गांडुळं वर चढून झाकणाला चिकटली. संसर्ग, असं निदान करून सिस्टरांनी औषध दुप्पट केलं.

मंगळवारी झाकण उघडलं, तर आत काहीच हललं नाही. सिस्टरांनी हातमोजा काढून बोट घातलं. पांढरट, मऊ, दोऱ्यांसारखं काहीतरी बोटाला लागलं. पोटं फाडलेली पाहताना ज्यांची पापणी लवली नव्हती, त्या मटकन खाली बसल्या. आणि अकरा वाजता मास्तर घरी येणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं : धक्का बसेल असं काही सांगू नका.

मास्तर आले ते सरळ बाल्कनीकडे निघाले.

"अहो, आधी बसा."

"मंडळी कशी आहेत?"

अशा वेळी बाहेर जाऊन नातेवाइकांशी बोलायचं काम डॉक्टरांचं असे. सिस्टरांना त्यांचं वाक्य तेवढं पाठ होतं.

"आम्ही... शक्य ते सगळं केलं."

मास्तरांनी झाकण उचललं. "काय केलंस?"

"धुतलं."

"गांडुळांना?"

"सालं. औषधाच्या पाण्यात. रोज."

मास्तरांचा हात छातीकडे गेला. सिस्टरांनी झडप घालून त्यांची नाडी धरली.

"माझी नको, स्वतःची बघ," मास्तर म्हणाले. "मेलेलं माणूस बरं दिसेल तुझ्यापुढे. चमचा आण."

मग दोघांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा तळापर्यंत उपसला. सिस्टरांनी उघड्या हातांनी.

जंतुसंसर्ग आढळला नाही. अंड्याच्या टरफलांखाली सहा गांडुळं जिवंत होती.