पोटाचं कारण

बैरूतच्या विमानतळावर दारूची तपासणी करणारे आले, की वैमानिकांच्या कपाळावर आठ्या पडत. "आम्हाला काय दारुडे समजता?" असं पुटपुटत कुणी घड्याळ बघे, कुणी उगाच फोन कानाला लावी. कॅप्टन वदीह बर्दवील मात्र टोपी काखोटीला मारून पुढे होई. "आण रे ती नळी. प्रवासी बॅगा उघडून दाखवतात, मी तोंड उघडलं तर काय बिघडलं?" माणूस काही सोवळा नव्हता. त्याचं गाव झाहले; तिथे अरक या बडीशेपेच्या दारूशिवायच्या जेवणाला कुणी जेवण म्हणत नाही. पण उड्डाणाच्या आदल्या दिवसापासून थेंबालाही शिवायचं नाही, हा त्याचा नेम होता.

म्हणून त्या रविवारी जे झालं ते त्याला फार लागलं. लेकीच्या, याराच्या साखरपुड्याचं जेवण नदीकाठी रंगात आलं होतं. शेजारी व्याही बसला होता, वदीहच्याच विमान कंपनीतला कॅप्टन तौफीक. वदीहने एक पेला नुकताच संपवला होता, तेवढ्यात कंपनीच्या ड्यूटी ऑफिसातून जुमानाचा फोन आला.

"कॅप्टन, आज कैरोचं विमान तुम्ही न्यायचंय. राखीव ड्यूटी आजपासून आहे ना तुमची!"

वदीहने पेला दूर सारला. बोलावलं की निघायची ही ड्यूटी उद्यापासून, असंच तो धरून चालला होता. चूक सर्वस्वी त्याची. आणि याच आठवड्यात नव्या वैमानिकांना शिकवणाऱ्या मुख्य कॅप्टनची नेमणूक व्हायची होती. त्याचंच नाव पुढे होतं, आणि त्या खुर्चीवर त्याचा फार जीव होता.

तौफीक कानाशी वाकला. "पोट बिघडलंय म्हण! सगळे तेच सांगतात."

खरंच होतं ते. त्या कंपनीत वैमानिकांची पोटं नेमकी सणासुदीला बिघडायची आणि कुणी काही विचारायचं नाही.

वदीहने स्वच्छ आवाजात सांगितलं, "जुमाना, मी अरक प्यायलोय. विमान नेणार नाही."

"कॅप्टन, नीट ऐकू येत नाहीये हो. पोट म्हणालात ना? पोटच लिहिते."

"अरक म्हणालो. तेच लिही, बाई."

खुर्ची गेली, आणि मिळाली ती तौफीकला. वदीहला वाईट वाटलं आणि त्याने ते लपवलंही नाही. बायकोपाशी पुष्कळ चडफडला. पण पुढच्या तपासणीला रांगेत पहिला तोच होता, मान ताठ ठेवून.

हिवाळ्यात एका सकाळी तौफीकचा फोन आला. "वदीह, दुपारी मला विमान आहे. काल घरी पाहुणे होते. जरा जास्तच झाली रे."

"मग तुझं पोट आहेच की!" वदीहने चिमटा काढला.

तौफीक हसला नाही. "परवाच वर्गात पोरांना सांगितलं, कारणं देऊ नका, खरं सांगा. आता माझ्याच्याने पोट म्हणवत नाही. पण भीती वाटते."

वदीहचा सगळा राग तिथेच निवला.

"जुमानाला फोन लाव," तो म्हणाला. "आणि दोनदा सांग. पहिल्या वेळी तिला ऐकू येत नाही."