होडी माणगावला गेली होती

होडी पाण्यातून वर ओढली की तिचा कंदील आमच्या घरात येतो. देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला तो टांगायचा आणि नारळी पौर्णिमेपर्यंत रोज तिन्हीसांजेला लावायचा. होडी वाळूत झावळ्यांखाली पडून असली तरी तिचा दिवा विझता कामा नये, हा आमच्या घरचा रिवाज. कोळीवाड्यात बाकी कोणी असलं काही करत नाही. यावरून बाबांची थट्टा होते. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "तुमच्या होड्या झोपतात, माझी जागी ऱ्हाते."

मग काही वर्षांपूर्वी विमा कंपनीने वाड्यातल्या सगळ्या होड्यांवर एकेक डबा बसवला. साबणाच्या वडीहून थोडा मोठा, वर हिरवा दिवा. होडी कुठे आहे ते हा डबा कंपनीला सतत कळवत राहणार. मच्छीमार सोसायटीने सगळ्यांचा मिळून विमा काढला होता, आणि डबा चालू तरच विमा चालू, अशी अट होती. पावसाळ्यात भिजून बिघडेल, तेव्हा काढून घरी ठेवा आणि चार्ज करत राहा, असं बसवणाऱ्या माणसानेच सांगितलं. बाबांना ते फारच पटलं. त्यांनी डब्याला कंदिलाखाली फळी ठोकून दिली. त्यांच्या लेखी तोही होडीचा दिवाच.

गेल्या वर्षी मासेमारीच्या ऐन पावसाळी बंदीत तो हिरवा दिवा मिचमिचायला लागला. बाबा बेचैन. मी म्हसळ्याला शाळेत शिकवते, शनिवारी घरी येते आणि रविवारी आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून, दिघीला उतरून परत जाते. माणगावला असले डबे दुरुस्त करणारा एकजण होता. बाबांनी डबा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, वरून माझ्या जुन्या ओढणीत बांधला आणि माझ्या हातात दिला.

"बंद करून नेऊ का?" मी विचारलं.

"न्हाय गं बाय. विझवू नको. तसाच ने."

तसाच नेला. फेरीबोटीत मी तो मांडीवर धरून बसले होते आणि शेजारची बाई मला विचारत होती की डब्यात लाडू आहेत का. माणगावला तो दोन दिवस दुकानात राहिला, बरा झाला, आणि पुढच्या शनिवारी त्याच फेरीबोटीने घरी आला. बाबांनी तो फळीवर ठेवला, हात जोडले. विषय संपला असं आम्हाला वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका वादळी शनिवारी दुपारी किनाऱ्यावरचा माड मुळासकट उन्मळून आमच्या होडीवर पडला. मधोमध. फळ्या फुटून खालच्या वाळूत घुसल्या होत्या. बाबा बराच वेळ तिच्या अंगावरून हात फिरवत उभे होते. मी मोबाइलवर फोटो काढले, कंपनीच्या ॲपवर टाकले आणि चहा ठेवायला आत गेले. चहा उकळायच्या आत उत्तर आलं. दावा नामंजूर. कारण : बंदीच्या काळात होडीचा पाण्यात वावर.

मला आधी हसूच आलं. मी ते बाबांना वाचून दाखवलं, तेही हसतील म्हणून. ते हसले नाहीत.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बंदीच्या दिवसांत मासळी अंडी धरते. त्या दिवसांत कोणी चोरून होडी काढली, तर त्याच्या दारात जाऊन उभे राहणारे आमच्या वाड्यातले एकमेव गृहस्थ म्हणजे बाबा. "गाभोळीची मासळी मारतोस, लाज न्हाय वाटत?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. सख्ख्या भावाला, म्हणजे माझ्या काकांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. दोघांचं पुढे कित्येक वर्षं धड बोलणं नव्हतं. म्हणून तर नारळी पौर्णिमेचा मानाचा नारळ वाड्याने बाबांच्या हाती दिला होता. आता एक यंत्र म्हणत होतं की बंदीत होडी त्यांनीच काढली.

विमा सोसायटीमार्फत असल्याने तोच निरोप सोसायटीच्या सेक्रेटरींच्या फोनवरही गेला. त्यांनी तो कोणालाही सांगितला नाही. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला कळलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण काका आमच्या अंगणासमोरून जाताना उगाच खाकरले. बाबा त्या दिवशी जेवायला बसले आणि भात चिवडून उठले. मला इतका संताप आला होता की मी सगळा राग भांड्यांवर काढला.

मी कंपनीला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक दाबा असं करत करत शेवटी एका मुलीचा आवाज आला. गोड बोलत होती बिचारी.

"मॅडम, तुमच्या होडीने बंदीत खाडी ओलांडलेली दिसतेय. जातानाही आणि येतानाही."

"ओलांडली ना. माझ्या पिशवीत बसून."

"सॉरी मॅडम?"

मी सगळं सांगितलं. डबा, ओढणी, फेरीबोट, माणगाव. मग म्हटलं, "तुमच्याच नोंदीत पुढचं बघा. खाडी ओलांडून ती होडी घाट चढली आणि माणगावच्या बाजारात दोन दिवस उभी होती. होडी माणगावला कशी गेली असेल? एसटीने?"

ती मुलगी हसली. खरोखर हसली, आणि मला वाटलं, झालं काम. माणूस भेटला की काम होतं. पण ती म्हणाली, "मला समजतंय मॅडम. पण सिस्टीम फक्त पाण्यातले पॉइंट बघते. जमिनीवरचे बघतच नाही. आणि निर्णय सिस्टीम घेते, मला तो बदलता येत नाही."

"मग कोणाला येतो?"

मला वाटतं, तिलाही ते माहीत नव्हतं. फेरविचाराचा अर्ज करा म्हणाली. केला. त्याचंही उत्तर चहा उकळायच्या आत आलं आणि शब्द न् शब्द तोच होता.

नारळी पौर्णिमेला मिरवणूक आमच्या दारात आली. दरवर्षी सोनेरी कागदात मढवलेला नारळ इथेच बाबांच्या हाती देतात. बाबा पांढरा सदरा घालून बाहेर आले, नारळाला नमस्कार केला आणि म्हणाले, "औंदा दुसऱ्यानं सोडा." लोकांनी आग्रह केला. काकासुद्धा पुढे झाले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तू गेला न्हवतास, आमाला काय ठाव न्हाय?" बाबांनी मान हलवली. "तुमाला ठाव हाय. पन लिवलंय तसं." आणि ते मिरवणुकीच्या मागे, पोराबाळांच्या बरोबरीने चालत समुद्रावर गेले. आई दाराच्या आड रडत होती. मला वाटलं, ते यंत्र ज्याने बनवलं त्याला इथे उभं करावं आणि हे बघायला लावावं.

पुढे ग्राहकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने अलिबागला सभा घेतली. असे यंत्राने घेतलेले निर्णय कायद्याच्या चौकटीत कसे आणायचे, यासाठी ते सूचना गोळा करत होते. मी बाबांना घेऊन गेले. बरेच लोक बोलले, आणि चांगलं बोलले. पारदर्शकता, दाद मागण्याचा हक्क, असे शब्द मी लिहून घेतले. मग संस्थेच्या वकीलबाईंनी बाबांना विचारलं, "काका, नियमात काय असावं असं तुम्हाला वाटतं?"

बाबा उठले. सभेत बोलायची त्यांना सवय नाही. "यंत्र चुकलं तर चुकू दे," ते म्हणाले. "मानूसपन चुकतो. पन एक जन तरी येऊन बघायला पायजे व्हता. होडी वाळूत हाय. माड तिच्यावर हाय. ती पान्यात गेली व्हती, तर बुडाला साचलेली वाळू हलली कशी न्हाय?"

इतके दिवस मी फोनवर, ॲपवर, अर्जात डोकं फोडत होते आणि ही साधी गोष्ट मलाही सुचली नव्हती. वकीलबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि आमच्या वतीने कंपनीला पत्रही पाठवलं. नियम मात्र होतील तेव्हा होतील, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

पत्राचा उपयोग झाला. दावा 'विशेष बाब म्हणून' मंजूर झाला. मी उड्या मारतच बाबांना सांगायला गेले.

"म्हंजे मी गेलो न्हवतो, असं मानलं त्यांनी?"

मी पुन्हा वाचलं. नव्हतं मानलं. बंदीतल्या वावराची नोंद कायम राहील, असं खाली बारीक अक्षरात होतं. मी ते वाचून दाखवलं, कारण बाबांशी खोटं बोलायचं माझ्याने होत नाही. होडी दुरुस्त झाली, समुद्रावर गेली. बाबा तिच्याविषयी पूर्वीसारखं बोलत नव्हते, एवढंच.

या वर्षी होडी वर ओढली तेव्हा मी घरीच होते. आईने कंदील पुसून खुंटीला टांगला आणि लावला. बाबा डबा हातात घेऊन बसले होते.

"ह्यो कसा विझवतात गं?"

"बाबा, विमा जाईल."

"जाऊ दे."

"आणि पुन्हा माड पडला तर?"

"तर होडी मोडंल. दुसरं काय?"

मी त्यांना मागचं बटण दाखवलं. त्यांनी अंगठ्याने ते दाबून धरलं. हिरवा दिवा मिचमिचला आणि गेला. होडीचा दिवा बाबांनी स्वतःच्या हाताने विझवलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आईने नुसती कंदिलाची वात थोडी वर केली.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. कंपनीचा निरोप होता. आपल्या होडीशी संपर्क तुटला आहे, आपण सुरक्षित आहात का? वर्षभरात त्यांनी आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तो बाबांना वाचून दाखवला.

"सांग त्यांना," बाबा म्हणाले, "घरी हाय म्हनावं. तवापन घरीच व्हतो."

तिथे काही लिहायला जागाच नव्हती. हो किंवा नाही, एवढंच दाबता येत होतं.