भय्याजींचं फायबरचं कुंपण

लाकडाला वाळवी लागते, हा शोध भिलाईत भय्याजींनीच लावला की काय? यंदा, अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, आमच्या रिसाली सेक्टरभर ते हेच सांगत फिरत आहेत.

भय्याजी कारखान्यात हेडक्लार्क, मूळचे वर्ध्याकडचे. क्वार्टरभोवती बाभळीच्या खुंटांचं कुंपण. दर पावसाळ्यात खुंट कुजायचे, दर दिवाळीला नवे रोवले जायचे, आणि दर वेळी वीतभर पुढे. दुरुस्ती म्हणजे थोडं सरकणं, ही आमच्या क्वार्टरांच्या लाइनीची रीतच. पुढे गल्ली. मागच्या वस्तीतली गिरजाबाई तिथूनच भाजीचा ठेला काढते. चार पोटं त्या ठेल्यावर.

मी, वस्तीचा बिनपगारी पुढारी, मोजणीच्या ऑफिसात अर्ज करायचो. मोजणीचा साहेब येणार म्हटलं की भय्याजी सकाळीच खुंट उपटून मूळ जागी रोवायचे. साहेब चहा पिऊन गेला की खुंट परत गल्लीत. मी सातवी नापास, पण असं चालतं-फिरतं लाकूड शिकलेल्यांनी तरी पाहिलं असेल का?

मग दुर्गच्या कुण्या दुकानदारानं त्यांना फायबर विकलं. काचेचे धागे अन् प्लास्टिक एकत्र थापलेले पत्रे.

"या नेताजी!" पत्र्यावर टिचकी मारत ते म्हणाले. "ना रंग, ना वाळवी. वीस वर्षं हात लावाचं काम नाही."

"अन् हे खांब एवढे पुढे कावून?"

"आता सरकवता येनार नाही नं! म्हनून एकदाच मोकळं घेतलं. सिमेंटात."

दुसऱ्या दिवशी गिरजाबाईचा ठेला गल्लीत अडकला.

"भय्याजी, ठेला का डोक्यावर घेऊन जाऊ मी?"

"टोपलं घ्या ना बाई. हलकं पडते."

माझं टाळकं सणकलं. तडक ऑफिसात गेलो, टेबलावर हात आपटला. साहेब येणार, हे कळताच भय्याजी सवयीनं सब्बल, म्हणजे पहार, घेऊन खांबाला भिडले. खांब ढिम्म. दारातून त्यांच्या बायको कमलिनीवहिनी म्हणाल्या, "अजी, हात लावाचं काम नाही म्हनत होते नं?"

साहेबानं टेप लावला. पावणेतीन फूट गल्लीत. पंधरा दिवसांत काढा, नाहीतर वस्तीनं काढावं, असं लेखी दिलं.

पंधराचे अठरा दिवस झाले. भय्याजी म्हणतात, "मजूर भेटून नाही राहिला." गिरजाबाई टोपलं घेऊन फिरते, अर्धी भाजी घरीच सडते. कागद माझ्या खिशात आहे, पहिला घाव मी घालतो. तुम्ही वस्तीतले सगळे रविवारी सकाळी सातला घण घेऊन गल्लीत या.