रुखवत आणि पडद्यातला उंदीर

गारखेड्यातल्या आणि गारखेड्याबाहेरच्या समस्त आप्तेष्टांना, व्याही-विहिणींना आणि ज्यांना मी न विचारता सल्ले दिले त्या सर्व वधूमातांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की, आमच्या घराण्यातलं रुखवताचं सिंहासन गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून गेलं. रक्तपात झाला नाही. घोषणाही झाल्या नाहीत. एका चहाच्या कपाबरोबर सत्तांतर झालं, आणि त्या कपात साखरसुद्धा कमी होती.

सिंहासन म्हणजे काय, ते सांगायला हवं. लग्नात मुलीकडच्यांनी टेबलावर हौसेनं मांडायचं ते रुखवत. आमच्या नात्यात कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की पहिला फोन मला यायचा आणि मग कार्यालयाला. काजू-बेदाण्यांचा मोर, खारकांची पालखी, नारळाचे नवरा-नवरी हे सगळं माझ्या हातचं. पण माझी खरी कीर्ती सुपारीच्या भटजींची. गोल सुपारीचं डोकं, कापसाची शेंडी, नाकाला मिरीचा दाणा, आणि सगळे होमाभोवती मांडी घालून बसलेले. मोर आणि पालखी मुलीबरोबर सासरी जात. भटजी मात्र मी त्याच संध्याकाळी पिशवीत घालून परत आणायची. ते आमचे घरचे भटजी. पुढच्या लग्नाला तेच लागत.

अशा भरभराटीच्या राज्यात माझ्या नणंदेची मुलगी राहायला आली. देवगाव रंगारीची पोर. इथं शहरात डिझाइनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि मामाचं घर असताना हॉस्टेल कशाला? आमचं घर दुमजली. खाली थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची लग्नाची मुलगी. वर आम्ही दोघं. मुलगा पुण्याला नोकरीला, म्हणून त्याची खोली भाचीला दिली. त्या खोलीचं दार एका पावसाळ्यात फुगलं ते पुन्हा कधी लागलं नाही, म्हणून तिथं जांभळ्या फुलांचा पडदा आहे. हा पडदा जरा लक्षात असू द्या.

आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी ती गॅलरीतून ओरडली, "मामी, लवकर या!"

मला वाटलं वाळत घातलेले कपडे शेजाऱ्यांच्या अंगणात गेले. हातातलं लाटणं घेऊनच धावले.

"काय गं, काय पडलं?"

"पडलं नाय काही. चिमटे बघा ना मामी! लाल, निळा, निळा, लाल, अन् मग एकदम पिवळा. लई भारी!"

माझे चिमटे. मी लावलेले. पिवळा एवढ्यासाठी लागला होता की पाचव्या लालचं तंगडं मोडलं होतं. त्या मोडक्या तंगड्यावर तिनं कॉलेजात साडीच्या काठाचं डिझाइन केलं आणि त्याचं कौतुक झालं.

मग तर सुटलीच ती. गच्चीवर वाळणारे पापड, इस्त्रीवाल्याच्या कपड्यांची चळत, मेथीच्या जुडीला बांधलेली सुतळी, कुकरच्या झाकणावरचं पाणी. जिथं जाईल तिथं थबकायची, डोकं तिरकं करायची आणि कागदावर रेघा मारायला लागायची.

"सर म्हणतात, रोजच्या जगण्यातून सुचायला पाहिजे," असं तिनं मला समजावलं.

आता मी काय परग्रहावर राहते का? मीही रोज जगतच होते. त्याच गच्चीवर, त्याच पापडांपुढं, या पोरीच्या वयाहून जास्त वर्षं. मला पापड बघून एकच गोष्ट सुचत आली होती, ती म्हणजे कावळा हाकलणं.

त्यात आमच्या ह्यांनी तर कमालच केली. हे असे गृहस्थ, की आजवर प्रत्येक लग्नात माझ्या रुखवतासमोर उभं राहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पंगत कधी बसणार?" एके सकाळी बघते तर हे खिडकीत पिठाची चाळणी उन्हात धरून उभे.

"अगं, सावली बघ हिची. कशी जाळी पडलीय भिंतीवर!"

"पीठ चाळायला कधी धरली होती का ती?" मी विचारलं.

पण खरं सांगू का, माझं पित्त खवळायचं कारण चाळणी नव्हतं. या मुलीला सगळं दिसायचं. कामवाल्या बाईंचे हात तिनं काढले, मामाचे पेपरखालून दिसणारे पाय काढले, जाऊबाईंची पदर खोचायची तऱ्हा काढली, दिरांची एका बाजूला कललेली स्कूटर काढली. फक्त मी दिसत नव्हते. एकदा फडताळापाशी मी जरा मान कलती करून, चेहरा उजेडात येईल अशी उभी राहिले. पेन्सिल थांबली. मी श्वास रोखला.

"मामी, थोडं सरकता का? मागचा डबा दिसत नाय."

अशा स्थितीत तो चहाचा कप आला. पुतणीचं लग्न ठरलं होतं आणि माझ्या डोक्यात मोराचा पिसारा तयार होता. जाऊबाईंनी मला खाली बोलावलं, कप पुढं केला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी काय म्हणते, यंदा रुखवत त्या पोरीला करू द्यावं का?"

"काकू, वेगळं काहीतरी होईल," पुतणी म्हणाली. जिच्या बारशाला मी तांदळाचा हत्ती केला होता, ती पुतणी.

"शिवाय तुझे हात दुखतात ना हल्ली," जाऊबाई म्हणाल्या.

"माझे? कुणी सांगितलं?"

"तूच. मागं मी पोळ्या लाटायला बोलावलं तेव्हा."

मी चहा प्यायले.

"भटजी आणच हं तुझे," मला बरं वाटावं म्हणून त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात ठेवू."

कोपऱ्यात! ज्या भटजींनी आमच्या घराण्यातली निम्मी लग्नं लावली, त्यांना कोपरा!

त्या रात्री मी ठरवलं की, सुचण्याचा मक्ता काही कुणी घेतलेला नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा केली आणि थेट औरंगपुऱ्याचा बाजार गाठला. म्हटलं, एवढी गर्दी आहे, काहीतरी सुचेलच. एका दुकानासमोर प्लॅस्टिकच्या बादल्या एकात एक रचून ठेवल्या होत्या. भाचीसारखं डोकं तिरकं केलं आणि बघत उभी राहिले. मागून दुचाकीवाले हॉर्न मारून गेले. मी हलले नाही.

"क्या होना भाभी?" दुकानदारानं विचारलं.

"काही नाही. बघतेय."

"क्या देख रहे?"

"बादल्या."

"लेना है क्या?"

"नाही हो. काही सुचतंय का, ते बघतेय."

तो भला माणूस गल्ल्यावरून उठला, स्टूल घेऊन आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बैठो भाभी. धूप लई है. घर से कौन आया साथ में?"

मी घाईघाईनं एक हिरवी बादली घेतली आणि घरी आले. जिन्यातच भाची भेटली.

"अय्यो मामी, हा हिरवा कुठं भेटला तुम्हाला?" असं म्हणून तिनं बादली माझ्या हातातून घेतली, पायरीवर ठेवली आणि तिथंच बसून काढायला लागली. माझी बादली! माझी उन्हातली वणवण!

त्यानंतर उरला तो एकच मार्ग, आणि तो मी निर्धारानं पत्करला. मी पडद्याआडून बघायला लागले. ती खोलीत बसून रुखवताचं काम करायची. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन, चपला काढून, पडद्याची कड बोटभर बाजूला सारायची. दिसायची फक्त तिची पाठ, पुठ्ठे, तारा आणि डिंकाची बाटली. अशी मी बराच वेळ उभी राहिले की आतून मान न वळवता आवाज यायचा, "मामी, उभ्याच आहात तर चहा ठेवता का?"

एकदा ती माझ्या भटजींपैकी एक हातात घेऊन आली. "मामी, सुपारी इतकी कडक असती. तिला भोक कसं पाडता हो?"

"अनुभवानं," मी म्हटलं आणि भटजी काढून घेतला. राज्य गेलं तरी किल्ल्या कोण देतं? मग मोडक्या दोन भटजींना नवी डोकी बसवायची होती, ती मी दाराकडं पाठ करून, गुपचूप बसवली.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की पडद्याचा खालचा एक तुकडा गायब आहे. मी ह्यांना बोलावून दाखवलं. "उंदीर झालाय घरात."

हे वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. "उंदीर असं चौकोनी कुरतडतो का?"

"शहरातला उंदीर आहे तो," मी म्हटलं आणि पिंजऱ्यात कांद्याचं भजं लावून तो पडद्यापाशी ठेवला. उंदीर काही सापडला नाही. ह्यांचा अंगठा सापडला.

लग्नाचा दिवस उजाडला. बीड बायपासच्या कार्यालयात रुखवताचं टेबल पांढऱ्या चादरीखाली झाकलेलं होतं. कोपऱ्यात, पाण्याच्या जारमागं, माझे भटजी. मी त्यांची शेंडी सारखी करत होते, तेवढ्यात मुलाकडचे एक आजोबा आले, त्यांनी एक भटजी उचलला, चहूबाजूंनी निरखला आणि खिशातून अडकित्ता काढला.

"अहो, अहो! भटजी आहेत ते!"

"चांगली दिसतीय सुपारी," ते नाराजीनं म्हणाले आणि भटजी खाली ठेवला. माझ्या रुखवताला त्या दिवशी मिळालेली ही एकमेव दाद.

मग मुलाकडच्या बायका आल्या आणि भाचीनं चादर ओढली.

मोर नाही. पालखी नाही. टेबलावर आमचं घर होतं. दोन्ही मजले, समोरची भिंत काढलेली, आतलं सगळं उघडं. गॅलरीत बोटभर दोरी, दोरीवर लाल, निळा, निळा, लाल आणि पिवळा चिमटा. दारात चपलांचा ढीग आणि त्यात एक उलटी. कललेली स्कूटर. ओट्यावर दुधाचं पातेलं, त्यावर ताट, ताटावर चमचा. पेपर आणि त्याखाली दोन पाय. आणि जिन्याच्या कठड्यावर पुतणीची ओढणी, रोज येता-जाता ती जशी टाकते अगदी तशीच.

"अगं, ती ओढणी उचल आधी तिथली," जाऊबाई म्हणाल्या. सवयीनं, रोजच्यासारख्याच, थोड्या वैतागून. आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो. त्यांनी तोंडाला पदर लावला. पुतणी शालूसकट येऊन त्यांना बिलगली. भोवतीच्या बायका आणखी पुढं वाकल्या. विहीणबाई पातेल्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "आमच्याकडं पण दुधावर ताटच असतं हो. पोरीला परकं नाही वाटायचं."

माझ्या एकाही मोरासमोर कधी कुणी रडलं नव्हतं. मोराचे काजू तेवढे कमी व्हायचे.

आणि या हृद्य प्रसंगी मी काय करत होते? मी मला शोधत होते. वरचा मजला बघितला, खालचा बघितला. कामवाल्या बाई होत्या. दूधवाल्याची किटली होती. हिरवी बादली होती! औरंगपुऱ्यात भर उन्हात मी उभी राहिले ती बादली घरात, आणि मी बाहेर! सिंहासन गेलं त्याचं एकवेळ चालेल. पण माझ्याच घरात मी नाही? मी मागं फिरले, म्हटलं, आता जारमागं जाऊन भटजींपाशी बसावं.

"अन् ही कोण हो?" मुलाची आत्या एकदम म्हणाली. "ही पडद्यामागं?"

मी वळले. वाकले. वरच्या मजल्यावर, खोलीच्या दारात, जांभळ्या फुलांचा पडदा होता. खरा पडदा. चौकोनी कुरतडलेला. आणि त्याच्या कडेआडून अर्धं बाहेर आलेलं सुपारीचं डोकं. कापसाचा अंबाडा, तारेचा घसरलेला चष्मा, एक टपोरा डोळा. खाली तांब्या धरलेला हात. सुपारीला भोक अगदी नेमकं, न फुटता पाडलेलं. म्हणजे मी भटजी दुरुस्त करताना कुणीतरी माझ्याही पाठीमागं उभं राहून बघत होतं. सगळं माझ्या पद्धतीनं केलेलं होतं. फक्त नाकाला मी मिरीचा दाणा लावते. या पोरीनं तिथं अख्खा शेंगदाणा बसवला होता.

"शेजारीण असंल एखादी भोचक," आत्याबाई हसत म्हणाल्या. "कोण आहे हो?"

आमचे हे छताच्या पंख्याकडं बघायला लागले. जाऊबाईंनी डोळे पुसता पुसता पदर तोंडावर जरा जास्तच दाबला. भाची ओठ चावत माझ्याकडं बघत होती, आणि पहिल्यांदाच माझ्या मागच्या डब्याकडं नाही, थेट माझ्याकडं. अजून वेळ गेली नव्हती. 'असेल बाई कुणी शेजारीण' एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. मुलाकडच्यांना आयुष्यात कळलं नसतं.

आणि भर कार्यालयात, दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर, माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, एवढं मोठं नाक नाहीये माझं!"