डावं मडगार्ड

गफ्फारचाचा पत्रा तपासताना डोळे मिटायचे. तळहात पत्र्यावर ठेवून सावकाश पुढे सरकवायचे, मध्येच थांबायचे, एक बोट मागे न्यायचे आणि मग मान हलवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नसावं. मी तोंडावर तसं विचारलंही. डोळे न उघडता ते म्हणाले, "दिसते न बापा, चांगलं दिसते. पन डोया रंग पायते. मंग पत्रा कोन पायन?"

शेलूबाजारला बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. धंदा पत्र्याच्या पेट्यांचा आणि धान्याच्या कोठ्यांचा. कोठी तयार झाली की ते झाकण बसवायचे, काढायचे, थोडं फिरवून पुन्हा बसवायचे. कसंही फिरवलं तरी ते एकाच आवाजात बसलं पाहिजे. गिऱ्हाईक वर्षभरानं रस्त्यात भेटलं तरी ख्यालीखुशाली नंतर, आधी प्रश्न, "झाकन लागते ना?"

अशा माणसाकडे मी शर्यतीच्या गाडीचं मडगार्ड बनवायला का गेलो, ते सांगतो.

मी अकोल्याकडच्या मालेगावात जुने ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं घेतो, विकतो. सुरुवात दुसऱ्याच्या गॅरेजात रॉकेलनं नट-बोल्ट धुण्यापासून केली. आज सौद्याला बसलो की समोरचा उठताना घाम पुसतो. हौस एकच. तीस वर्षांची एक छोटी गाडी मी पाळली आहे. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. गाडीचं नाव सांगितलं की लोक हसतात, म्हणून सांगत नाही. वर्षातून एकदा अकोल्याकडे माळावर हौशी लोकांची मातीतली शर्यत होते, त्यात जुन्या गाड्यांचा एक गट असतो. त्या गटाचा नियम सोपा आहे. गाडीचं अंग कंपनीतून आलं तसंच हवं. पत्र्याच्या जागी पत्रा, त्याच जाडीचा, त्याच आकाराचा, दोन्ही बाजू सारख्या. एखादा भाग कुठेच मिळत नसेल तर बनवून लावता येतो, पण अर्जात तसं लिहून द्यायचं.

सरावात माझी गाडी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर चढली आणि डाव्या पुढच्या चाकावरचं मडगार्ड फाटलं. अकोला, अमरावती, नागपूरचं भंगार पालथं घातलं. मिळालं नाही. शेवटी गाड्या तपासणाऱ्या माणसाला फोन केला, "फायबरचं लावू का?" तो म्हणाला, "लावा, चालते." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. शर्यतीच्या दिवशी त्याच माणसानं मडगार्डला चुंबक लावलं. चुंबक खाली मातीत पडलं. "फायबर आहे. गाडी बाहेर घ्या." मी फोनची आठवण करून दिली. तो म्हणाला, "मी असं बोललोच नाही." मी त्याची कॉलर धरली. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. फळ्यावर माझ्या गाडीच्या नंबरपुढे 'नियमभंग' लिहिलं गेलं आणि मालेगावात पानाच्या ठेल्यावर लोक मला "काय फायबरशेठ" म्हणू लागले. ज्यानं आयुष्यात मापात पाप केलं नाही त्याला खोटारडा ठरवलं. मला एकच गोष्ट हवी होती. तीच शर्यत, तोच माणूस, आणि त्याचं चुंबक माझ्या गाडीला चिकटलेलं.

मालेगावच्या डेंटरांनी हात जोडले. पोचलेलं सरळ करणं त्यांना येत होतं, नसलेलं बनवणं नाही. एक जण थट्टेनं म्हणाला, "शेलूबाजारच्या कोठीवाल्याले इचार." मी खरंच गेलो.

चाचांनी आयुष्यात स्टेअरिंगला हात लावलेला नव्हता. मी उजवं मडगार्ड काढून नमुन्याला नेलं होतं. म्हणालो, "असंच पायजे, फक्त डावं." त्यांनी डोळे मिटले, तळहात फिरवला आणि चाकाच्या कमानीवर थांबले.

"हे कंपनीचं नाई."

"चाचा, ओरिजनल हाय ते. आजवर खोललं नाई."

"पत्रा कंपनीचा हाय. आकार कंपनीचा नाई. इथं मार खाल्लेला हाय आन वरून पुट्टी भरेल हाय." त्यांनी नखानं वाजवून दाखवलं. टण, टण, आणि त्या जागेवर थप.

पंचवीस वर्षं जुन्या यंत्रांत काढलेला मी! मला ती गाडी विकणाऱ्यानं फसवलं होतं आणि ते एका कोठीवाल्यानं नखानं पकडलं. मी चिडून विचारलं, "मंग आता खरा आकार आनाचा कुठून?"

"शेजाऱ्याले इचारू," चाचा म्हणाले.

शेजारी म्हणजे बोनेट, दार आणि दिव्याची कडी. मी गाडीच दुकानासमोर आणून उभी केली. चाचा दोन दिवस तिच्याजवळ स्टूल टाकून बसले. दोरा लावायचे, वर्तमानपत्र कापून लावून बघायचे, बाकी वेळ तळहात बोनेटवरून निघून मडगार्डच्या मोकळ्या जागेवर, हवेतच, दारापर्यंत जायचा. येणारे-जाणारे हसायचे. चाचा मला समजावत होते, "बोनेट इथून येऊन राह्यलं. दार तिथं बोलवून राह्यलं. मधात पत्र्याले दुसरीकडे जाले जागाच नाई." मला हवेत काही दिसत नव्हतं. त्यांच्या हाताला ते मडगार्ड लागत होतं.

फाटलेल्या मडगार्डचा तुकडा त्यांनी दोन बोटांत चोळला आणि त्याच जाडीचा पत्रा निवडला. मी हळूच सुचवलं, थोडा पातळ घेऊ, वजन वाचेल. ते म्हणाले, "नियमासंगं बी सौदा करतं काय बे?" मग बाभळीच्या पोखरलेल्या खोडावर लाकडी मोगरीनं काम सुरू झालं. पहिलं मडगार्ड त्यांनी तयार करून फेकून दिलं. माझ्या नजरेला ते झकास होतं.

"चाचा, एवढं कोन पाह्यते?"

"पत्रा पाह्यते."

दुसरं तीन आठवड्यांनी झालं. मी ते उजव्याशेजारी ठेवलं आणि दोन्ही पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. चाचांचं बरोबर होतं, म्हणूनच ते वेगळं दिसत होतं. उजव्याची कमान बोटभर बसलेली होती, डाव्याची नव्हती. तपासणारा उजव्याच्या आकाराचा पुठ्ठा कापून, उलटा करून डाव्याला लावणार, फट दिसणार आणि माझ्या नंबरपुढे पुन्हा तोच शब्द येणार. शर्यतीला आठ दिवस होते.

"याच्यातबी तेवढाच पोचा पाडा," मी म्हणालो. "दोनी सारखे होऊन जाईन."

"चूक बी बनवून देऊ?"

"तुमाले काय जाते? आन अर्जात बनवलं म्हनून लिवतच नाई. दोनी कंपनीचे म्हनतो."

"माह्यं काम हाय तं माह्यं लिव," चाचा म्हणाले. "सारखेच पायजे न? मंग उजवं सरळ करू."

उजव्याच्या पुट्टीखाली पत्रा गंजलेला असणार हे मलाही कळत होतं. ठोकताना फाटलं तर उरलेला एकमेव कंपनीचा पत्राही जाणार. "फाटलं तं?" मी ओरडलो.

"फाटलं तं फाटलं. मंग तेबी मीच बनवीन."

"आठ दिवसात? माह्यी इज्जत हाय तिथं! तुमाले खेळ वाटून राह्यला!" मी त्यांची मोगरी उचलली आणि भिरकावली. ती एका नव्या कोऱ्या कोठीवर जाऊन आदळली.

चाचा उठले. आधी मोगरी उचलून तिला चीर गेली का ते पाहिलं. मग कोठीसमोर बसून डोळे मिटले. "पोचा आला," ते म्हणाले, अगदी 'पाहुणा आला' म्हणावं तसं. "हा काढतो आधी. तू चहा पिऊन ये."

मी गेलो नाही. आतून एक हात, बाहेरून मोगरी, सात-आठ हलके ठोके. मग माझं मनगट धरून त्यांनी माझा तळहात कोठीवर ठेवला. "डोये मिट. सांग, कुठं होता?"

मी दोनदा हात फिरवला. जिथं मीच पोचा पाडला होता ती जागा मला सापडली नाही. इतका खजील मी आयुष्यात झालो नव्हतो. डोळे उघडून म्हणालो, "उजवं करा."

पुट्टी निघाली तेव्हा खाली चाळणीसारखा गंज होता. चाचा पत्रा जरासा तापवायचे, मोगरीला कापड गुंडाळून आतून ठोका द्यायचे, मग एक हात डाव्यावर आणि एक उजव्यावर ठेवून थांबायचे. कंपनीचा पत्रा कोठीवाल्याच्या पत्र्याकडून स्वतःचा आकार परत शिकत होता. मला बघवेना. मी गल्लीत जाऊन उभा राहिलो. ठोके मोजत होतो. अचानक आवाज थांबला. मला वाटलं, फाटलं.

आतून हाक आली, "गाडी घे इकडे."

दोन्ही मडगार्डं बसवली. चाचा म्हणाले, "दार लाव." मी दोन्हीकडची दारं लावून पाहिली. दोन्हीकडे एकच आवाज आला. "झाकन लागते," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

शर्यतीला तोच तपासणारा होता. अर्जात 'डावं मडगार्ड हाती बनवलेलं, शेलूबाजार' हे वाचून तो गालात हसला. चुंबक लावलं. चिकटलं. जाडी मोजली. उजव्याचा पुठ्ठा उलटा करून डाव्याला लावला. फट नव्हती. मग बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटला आणि बाहेर येऊन म्हणाला, "अर्ज चुकलाय तुमचा. बनवलेलं उजवं आहे. आतून ठोक्यांच्या खुणा आहेत. डावं तर कंपनीचं दिसतं."

"उजवं कंपनीचं आहे. ते डाव्यावरून सरळ केलंय," मी म्हणालो.

त्याला समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्याला ऐकवायला वर्षभर शिव्या घासूनपुसून ठेवल्या होत्या. त्या तोंडापर्यंत आल्याही. पण त्यानं हात पँटला पुसला, डाव्या मडगार्डवर ठेवला आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. मी अर्ज त्याच्यापुढे धरला. त्यानं सही केली.

शर्यतीत मी सातवा आलो. घरी न जाता आधी शेलूबाजारला गेलो. सगळं सांगून म्हणालो, "पन चाचा, त्यानं माफी नाई मांगली."

चाचा पेटीला कडी बसवत होते. "कागद खरा देल्ला न त्याले? मंग झालं. माफी काय मडगाडले लावाची हाय?"

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. मी खांदा दिला. त्यांच्या दुकानात आता प्लॅस्टिकच्या टाक्या विकतात. महिन्याभरानं मला एक फोन आला. तपासणाऱ्याचा आवाज मी लगेच ओळखला, त्यानं 'चालते' म्हटलेलं मी कसा विसरेन? त्याच्या ओळखीच्या कुणाच्या गाडीचं मडगार्ड गेलं होतं, नमुनाही नव्हता, आणि त्याला तो बनवणारा हवा होता.

"तो माणूस गेला," मी म्हणालो.

त्या जुन्या फोनबद्दल तो काही बोलला नाही. माझा राग अजून आहे, तो मी कुणालाच स्वस्तात देणार नाही. पण त्याला बोनेट आणि दाराला कसं विचारायचं, हवेत हात कसा फिरवायचा, ते मी अर्धा तास समजावत बसलो. फुकट. फोन ठेवता ठेवता तोंडून गेलं, "बनवून झालं की आधी दार लावून पाहा."

तो म्हणाला, "पाहून सांगतो."

मी त्याच्या फोनची वाट बघतो आहे.