साधी दुखापत आणि जबर दुखापत

जावयाने कोयता उचलला आणि माझ्या लेकीच्या मानेवर घातला. ती नेमकी तेव्हाच बर्फ काढायला पेटीवर वाकली, म्हणून मान वाचली आणि कोयता जबड्यावर बसला. मोठ्या घोळ माशाचं डोकं फोडताना होतो तसा आवाज झाला. तो आवाज मी आयुष्यभर स्वतःच्या हाताने काढलाय, त्यामुळे कशावर काय पडलं हे मला वळून बघावं लागलं नाही.

दिवाळे गावचा मासळी बाजार, भर सकाळ, समोर गिऱ्हाईक उभं. कारण विचाराल तर मोबाईल. त्याने केलेला फोन तिने उचलला नाही. दोन्ही हात मासळीत असताना फोन कोण उचलतं? पण त्याला वाटलं, बायको माजली. मग खाडीवरून तरातरा आला आणि शेजारच्या पाटावरचा कोयता घेतला. काम झाल्यावर कोयता टाकला आणि निघून गेला. पळाला नाही, चालत गेला. घरी जाऊन झोपला. घर माझं, हेही सांगून ठेवते. तो घरजावई.

मी लुगड्याचा पदर आणि बर्फ तिच्या गालावर दाबून धरला आणि रिक्षात घातली. गिऱ्हाईक बाई तोवर गायब. सरकारी दवाखान्यात बाहेरून टाके घातले, गाल एवढा सुजला होता की आत कोणी डोकावलंच नाही. पट्टी बांधून पोलीस ठाण्यात जायला सांगितलं. गेलो.

तिथले फौजदार साहेब तरुण. केस नीट विंचरलेले. त्यांनी पट्टी बघितली, लेकीला नाव विचारलं. तिला तोंड उघडता येईना, म्हणून मी सांगायला लागले. ऐकून ते म्हणाले, "आजी, ही साधी दुखापत आहे. आम्ही नोंद घेतो. पुढे तुम्ही कोर्टात जायचं."

"म्हंजे त्याला धरणार नाय?"

"साध्या दुखापतीत धरता येत नाही. तसा कायदाच आहे."

"मंग तो आज जेवायला आमच्याच घरी येनार. कोयता घरात बी हाय."

साहेबांनी मान हलवली. मला वाटलं, समजलं त्यांना. समजलं काही नव्हतं. ते म्हणाले, "हत्याराने मारलं असेल तर गोष्ट वेगळी. मग कलम बदलतं, अटक होते. कोयता कुठाय?"

मला वाटलं, हे सोपं आहे. कोयता कुठे जातो? एक हवालदारीण सोबत दिली, आम्ही बाजारात परत आलो. कोयता माझ्या जावेचा. तिचा पाट आमच्या शेजारी, नवरे सख्खे भाऊ. ती बसली होती आणि एका माणसाला सुरमईच्या तुकड्या करून देत होती.

हवालदारीण म्हणाली, "मावशी, ज्याने मारलं तो कोयता द्या."

"ह्योच की," जाऊ म्हणाली आणि हातातला वर केला. चकचकीत.

"धुतला?"

"मंग? घान ठेवू?"

आमच्यात कोयता कधी रक्ताने भरलेला ठेवत नाहीत. कापलं की बादलीत बुडवायचा, फडक्याने पुसायचा. गंज चढतो, वास येतो, पुढचं गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. जावेने काही विचार करून धुतला नव्हता. खाली पडलेला दिसला, हाताला सवय आहे, बुडवला आणि पुसला. नंतर तिने त्याच कोयत्याने अर्धी टोपली कापली. हवालदारणीने बाकीच्या बायांचे कोयते बघितले. सगळे तसेच. मग तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "हे रक्त कुणाचं?"

सगळ्या बाया हसायला लागल्या. मीही हसले, लेक तिकडे ठाण्यात बाकावर बसलेली असताना. मासळी बाजारात फरशीवर रक्त कुणाचं, हे विचारायला शिकून यावं लागतं.

बायांनी एका आवाजात सांगितलं, आम्ही बघितलं. कुणी म्हणे उजव्या हाताने मारलं, कुणी म्हणे दोन्ही हातांनी. हवालदारीण म्हणाली, सगळ्यांनी ठाण्यात चला. आल्या त्या दोघीच, जाऊ धरून. बाकीच्यांची मासळी उन्हात होती.

ठाण्यात जावेने परत तेच सांगितलं, मीच धुतला. साहेब ताडकन उभे राहिले. "पुरावा नष्ट केलात तुम्ही! हा गुन्हा आहे, माहितीय?"

म्हणजे बघा. लेकीच्या तोंडावर कोयता पडला तो अजून गुन्हा व्हायचा होता, आणि कोयता धुतला तो लगेच झाला.

जाऊ घाबरली नाही. ती म्हणाली, "मला धरा मंग. मी तरी आत बसेन. त्याला सोडलाय ना बाहेर."

मी साहेबांना विचारलं, खुनाचा प्रयत्न का नाही लावत? कोयता मानेवर आला होता, बायांनी बघितलंय.

"त्याचा हेतू काय होता ते बघावं लागतं, आजी. मान तुटली असती तर वेगळं."

"मान तुटली असती तर परयत्न कशाला म्हनाल? मेली म्हनाल."

मग साहेबांनी मला समजावलं, शाळेतल्या मास्तरसारखं. जबर दुखापत म्हणजे डोळा गेला तर, कान गेला तर, हात-पाय-सांधा गेला तर. चेहरा कायमचा विद्रूप झाला तर. हाड मोडलं किंवा दात मोडला तर. किंवा पंधरा दिवस भयंकर वेदना. आधी वीस दिवस होते, नव्या कायद्यात पंधरा केले. मी चौथी शिकले, पण माणसाच्या दुखण्यात सरकारने पाच दिवसांची सूट दिली एवढं मला कळलं. आणि पंधरा दिवस तो घरात बसून बघणार, की हिला अजून दुखतंय का.

"चेहऱ्याचं काय?" मी म्हटलं. "हा चेहरा नाय तर काय हाय?"

"ते आत्ता सांगता येत नाही. वण जातो कधी कधी. कायमचा आहे की नाही ते नंतर ठरेल."

तोवर लेक बाकावर बसलेली. बोलता येत नव्हतं. ती हळूच उठली, हवालदारणीच्या टेबलावर वाकली आणि तोंडातून काहीतरी थुंकली. दाढेचा तुकडा होता, आत गालाखाली अडकून राहिलेला. त्याच्यामागून थोडं रक्त आलं, टेबलावरच्या काचेवर.

साहेब खुर्चीवरून पुढे आले. पट्टी बघून जे तोंड हललं नव्हतं ते दाढ बघून हललं. "दात आहे? अहो, दात मोडला असेल तर जबर दुखापत!"

असा आनंद झाला त्यांना, जसं पोरीचं लग्नच ठरलं. जबडा फुटलाय, गाल फाटलाय, रक्ताने पदर भिजलाय, त्याची किंमत साधी. आणि दाढेचा तुकडा पडला की काम झालं. माझ्या तोंडात एकही दाढ नाही. सगळ्या आपोआप पडल्या, कुणाला अटक नाही.

परत दवाखान्यात पाठवलं. जबड्याचा एक्स-रे फोटो काढला, तर दाढेखालचं हाडही चिरलेलं. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. मग गाडी निघाली, माझ्या घरातून जावयाला झोपेतून उठवून नेलं. तो म्हणे विचारत होता, काय झालं?

गावातले चार शहाणे संध्याकाळी आले. घरातली गोष्ट आहे, मिटवा, पोरगी तरुण आहे. मी त्यांना चहा दिला नाही. माझा एकच प्रश्न होता, सोडवून आणलात तर तो रात्री कुठे झोपणार? कुणीही आपल्या घरी नेतो म्हणाला नाही.

नंतर तो जामिनावर सुटला. कोर्टाने सांगितलंय, आमच्या वस्तीत पाय ठेवायचा नाही. केस चालू आहे. त्याचा वकील म्हणतो, ती पाटावर पडली. जाऊ साक्षीला जाणार आहे आणि तिथेही धुतला हेच सांगणार आहे, मला माहीत आहे. लेकीचं तोंड एका बाजूला जरा ओढलेलं राहिलं. वण गेला नाही. आता तरी तो कायमचा म्हणावा का, असं कुणाला विचारायला मी गेले नाही.

ती परत बाजारात बसते. कमी बोलते, पण भाव करताना ऐकत नाही. ती जगली.