राहात्याच्या शाळेत धरलेली जागा

तिसगावहून पहाटेच निघालो. नगरला गाडी बदलली. राहात्याची एसटी फलाटाला लागतीय तोच खिडकीतून पंचा (खांद्यावरचा टॉवेल) आत टाकून जागा धरली. चढून बघतो, तर एक जण त्यावरच बसलेला.

"टॉवेल दिसत न्हाई व्हय?"

मुकाट उठला. या कायद्यापुढं कलेक्टरचंही चालत नाही.

माझी नात स्वरा दुसरीत आहे. मीही दुसरीतच शाळा सोडली, म्हणजे आम्ही एका इयत्तेचे. तिच्या शाळेत पालकांचे खेळ होते. लेक शिर्डीला हॉटेलात कामाला, जावयाचं फुलांचं दुकान. गर्दीच्या दिवशी दोघांनाही सुट्टी नाही. गेल्या वर्षी घरचं कुणीच गेलं नव्हतं. पोर एकटीच पायरीवर बसून राहिली होती.

राहात्याला स्टँडवर गोड पेरू मिळाले, ते घेऊन शाळा गाठली. स्वरा फाटकातच उभी.

"आबा, फक्त सगळ्यात आधी आऊट होऊ नका. पोरं हसतील."

"मला कोण आऊट करतंय गं?"

खेळ संगीत खुर्चीचा. गाणं वाजतंय तोवर फिरायचं, थांबलं की बसायचं, खुर्ची एक कमी. बाकी आईबाप तरणे, माझे गुडघे बोलणारे. मी फिरता फिरताच एक बरी खुर्ची बघून पंचा टाकला. गाणं थांबलं. निळ्या शर्टाचे एक साहेब धपकन त्यावर बसले.

"उठा. धरलेली हाय."

"आजोबा, ही काय एसटी हाय का?"

"टॉवेल कुणाचा हाय ते सांगा!"

साहेब सवयीनं उठले. मी बसलो.

बाई हसू दाबत म्हणाल्या, "आजोबा, असं चालत नाही."

"मग आधी सांगायचं, बाई."

दुसऱ्या फेरीला कुणी रुमाल टाकला, कुणी ओढणी, एकानं तर बूट काढून ठेवला. अशी भांडणं लागली की बाईंनी खेळच बंद केला. स्वरा वर्गभर सांगत सुटली, "माझे आबा आऊटच झाले न्हाईत!"

रात्री लेकीनं शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वेटोळी) केले. दोनदा मागून घेतले.

सकाळी शाळेला जाता जाता स्वरा स्टँडवर सोडायला आली. गाडी लागली, गर्दी उसळली. मी पंचा काढेपर्यंत तिनं आपली पाण्याची बाटली खिडकीतून आत फेकली.

"आबा, जागा धरली!"

ऐटीत बसलो. कोल्हार आलं तेव्हा ध्यानात आलं, बाटली माझ्याच मांडीवर. पोर तिकडं वर्गात तहानलेली.

धरलेली जागा मी आजवर कुणासाठी सोडली नव्हती. कोल्हारला उतरलो.